मूळ दोषाचा माग : भोपाळची रात्र आणि पायथनमधील 'फ्रॉम'

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील नियंत्रण कक्षात ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब दर्शविणारा काटा साडेदहाच्या आसपास २ पौंड प्रति चौरस इंच या आकड्यावर होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीच्या कामगाराने पाहिले, तेव्हा काटा १० वर पोचला होता. वाढ पाचपट होती; पण १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसणारा होता. आधीच्या पाळीने टाकीत नायट्रोजन सोडला असावा, अशी समजूत करून घेणेही सोपे होते. शिवाय त्या कारखान्यातील मापकांवर कामगारांचा फारसा विश्वास उरला नव्हता. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले, गळती कोठे आहे हे काही जणांनी शोधले, वरिष्ठांच्या कानावरही घातले. चहाची सुट्टी झाल्यावर पाहू, असे ठरले. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या आत काटा मापकाच्या टोकाला जाऊन भिडला होता.

त्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. मात्र त्या रात्रीचा एक निरोप कसा वरवर चढत गेला आणि चढताना त्यातील नेमके काय गळत गेले, हे सावकाश पाहण्यासारखे आहे. काट्याने सांगितले, दाब थोड्याच वेळात पाचपट झाला. नियंत्रण कक्षाने त्याचे भाषांतर केले, दाब मर्यादेत आहे. पर्यवेक्षकापर्यंत पोचली ती किरकोळ गळती. कारखान्याबाहेरच्या वस्त्यांसाठी असलेला भोंगा काही मिनिटे वाजून थांबला आणि लोकांना त्यातून काहीच कळले नाही. हमीदिया रुग्णालयात आंधळल्यासारख्या अवस्थेतील माणसांची रीघ लागली, तेव्हा डॉक्टरांना कारखान्याकडून कळले ते इतकेच, की वायू डोळ्यांना झोंबणारा आहे आणि डोळे पाण्याने धुवावेत. प्रत्येक पायरीवर निरोप त्या त्या पायरीच्या भाषेत बदलला आणि बदलताना मूळ वाचन मागे पडले. साखळीच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या डॉक्टरला ज्याची सर्वाधिक गरज होती, ते विषाचे नाव आणि त्याची रासायनिक प्रकृती, तेच त्याच्यापर्यंत आले नाही.

संगणकाच्या प्रोग्राममध्येही हेच घडते, आणि रोज घडते. आज टाक्यांचे दाब, रुग्णालयातील यंत्रांची वाचने, बँकांचे व्यवहार आणि वीजकेंद्रांच्या नोंदी ज्या प्रोग्रामांतून जातात, त्यांपैकी बरेच पायथन या भाषेत लिहिलेले असतात. त्यामुळे एखादी चूक खालच्या थरातून वरच्या थरापर्यंत पोचताना तिचा मूळ तपशील टिकतो की नाही, हा प्रश्न केवळ प्रोग्रामरांच्या सोयीचा राहिलेला नाही.

पायथनमध्ये काही अनपेक्षित घडले की प्रोग्राम 'एक्सेप्शन' म्हणजे अपवाद उभा करतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील पहिलाच धडा या अपवादांच्या हाताळणीचा आहे. तेव्हा गोव्यातील अनेक घरांत 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' हे शब्द एव्हाना पोचले असतील. ट्रायच्या खाली करून पाहायचे काम लिहायचे आणि एक्सेप्टच्या खाली ते फसल्यास काय करायचे ते लिहायचे. अपवाद उभा राहताना केवळ संदेश घेऊन येत नाही. तो कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत, कोणत्या फंक्शनच्या पोटात आणि कोणाच्या बोलावण्यावरून उद्भवला याचा सारा माग तो बरोबर आणतो. या मागाला 'ट्रेसबॅक' म्हणतात. पोलिसी पंचनाम्यात घटनास्थळाचे जे मोल असते, तेच येथे ट्रेसबॅकचे.

उदाहरणासाठी गोव्यातलाच एक काल्पनिक कारखाना घेऊ. राज्यातील बर्फाचे कारखाने आणि मासळी प्रक्रिया उद्योग यांच्याकडील शीतकरण यंत्रणेत अमोनिया वापरला जातो. अशा एका कारखान्यात अमोनियाच्या टाकीचा दाब दर मिनिटाला संवेदकाकडून अक्षरांच्या रूपात येतो आणि प्रोग्राम त्याचा आकडा करतो, असे समजा. एके रात्री संवेदकाची तार सैल होते आणि आकड्याऐवजी रिकामी ओळ येते. आकडा करणारे 'फ्लोट' हे फंक्शन लगेच 'व्हॅल्यूएरर' उभा करते : या अक्षरांचा आकडा होत नाही.

आता हा व्हॅल्यूएरर जसाच्या तसा पाळीप्रमुखाच्या पडद्यावर टाकण्यात अर्थ नसतो. त्याला व्हॅल्यूएरर म्हणजे काय ते ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. त्याला कळायला हवे ते असे, की तीन क्रमांकाच्या टाकीचे वाचन मिळत नाही. म्हणून समजदार प्रोग्रामर आपल्या व्यवसायाच्या भाषेतला स्वतंत्र अपवाद घडवितो. त्याला आपण 'वाचनदोष' म्हणू. पायथनमध्ये तो घडविणे दोन ओळींचे काम आहे :

क्लास वाचनदोष(एक्सेप्शन):
    पास

येथे एक खुलासा हवा. पायथनचे क्लास, ट्राय, रेज यांसारखे ठरीव शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावे लागतात. या लेखात ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत. 'वाचनदोष' हे नाव मात्र खरोखरच देवनागरीत टंकले तरी पायथन ३ ला चालते, आणि देवनागरीत लिहिलेली '१०' ही अक्षरे फ्लोटला दिली तर तो मुकाट्याने दहा हा आकडा हाती ठेवतो. मराठी विद्यार्थ्यांना हे क्वचितच कोणी सांगते.

तर खालच्या थराचा व्हॅल्यूएरर पकडायचा आणि वरच्या थराला वाचनदोष म्हणून द्यायचा, हे भाषांतर योग्यच आहे. प्रत्येक थराने आपल्या वरच्याशी त्याच्या भाषेत बोलावे, हे चांगल्या प्रोग्रामचे लक्षण मानले जाते. भोपाळच्या साखळीतही रुग्णालयाला सामान्य भाषेत काही सांगणे गैर नव्हते. भाषांतरकाराने मूळ कागद फाडून टाकला, की खरा घात होतो.

पायथन २ मध्ये हा कागद अगदी सहज फाटत असे. एक्सेप्टच्या आत नवा अपवाद उभा केला की जुन्याचा माग पडद्यावरून नाहीसा होई. तो जपण्याची सोय होती. रेजला तीन भाग देऊन जुना ट्रेसबॅक नव्या अपवादाला चिकटविता येई. पण ती लेखनपद्धती इतकी ओबडधोबड होती, की ती ठाऊक असलेले थोडे आणि वापरणारे त्याहून थोडे. याहून वाईट म्हणजे एक्सेप्टच्या आतील दुरुस्तीच्या कोडमध्येच दुसरी चूक निघाली, तर पहिली चूक पूर्णपणे झाकली जाई. रात्री आग विझवायला गेलेल्या माणसाचा पाय घसरला आणि सकाळच्या नोंदवहीत फक्त पाय घसरल्याची नोंद राहिली, असा तो प्रकार.

या दोषावर का-पिंग यी यांनी १२ मे २००५ रोजी एक प्रस्ताव मांडला. पायथनमधील सुधारणांच्या प्रस्तावांना 'पेप' म्हणतात आणि हा पेप ३१३४ होता. प्रत्येक अपवादाच्या अंगावरच त्याचा ट्रेसबॅक असावा आणि एका अपवादातून दुसरा निघाला तर दुसऱ्याने पहिल्याला हातात धरून ठेवावे, अशी त्यातली कल्पना. जावा भाषेने अशी साखळी आधीच स्वीकारली होती. पायथनमध्ये ती ३.० या आवृत्तीबरोबर आली आणि ती आवृत्ती प्रसिद्ध झाली ३ डिसेंबर २००८ रोजी. भोपाळच्या पहाटेला त्या दिवशी बरोबर चोवीस वर्षे झाली होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी तारीख ध्यानात ठेवायला तो उपयोगी पडतो.

आजच्या पायथनमध्ये आपल्या कारखान्याचे कोड असे लिहिले जाईल :

ट्राय:
    दाब = फ्लोट(ओळ)
एक्सेप्ट व्हॅल्यूएरर अ‍ॅज मूळ:
    रेज वाचनदोष("टाकी ३ चे वाचन मिळाले नाही") फ्रॉम मूळ

सारी किमया शेवटच्या दोन शब्दांत आहे. 'फ्रॉम मूळ' असे लिहिले की नव्या वाचनदोषाच्या 'कॉज' या गुणधर्मात जुना व्हॅल्यूएरर जसाच्या तसा, त्याच्या ट्रेसबॅकसह, जाऊन बसतो. प्रोग्राम कोसळला तर पडद्यावर आधी मूळ अपवादाचा माग छापला जातो. मग एक वाक्य येते, ज्याचा आशय असा, की वरील अपवाद हा खालील अपवादाचे थेट कारण होता. आणि त्याखाली वाचनदोषाचा माग. पाळीप्रमुखाला त्याच्या भाषेतले वाक्य मिळते आणि पहाटे तीन वाजता उठून नोंदी चाळणाऱ्या तंत्रज्ञाला सैल झालेल्या तारेपर्यंतची वाट मिळते.

'फ्रॉम' लिहिलेच नाही तर काय होते? पायथन ३ तरीही मूळ अपवाद टाकून देत नाही. तो त्याला 'कॉन्टेक्स्ट' नावाच्या दुसऱ्या गुणधर्मात ठेवतो आणि माग छापताना मधले वाक्य बदलतो : वरील अपवाद हाताळला जात असताना दुसरा एक अपवाद उद्भवला. या दोन वाक्यांतील भेद बारीक वाटतो, पण तो कळीचा आहे. पहिले वाक्य 'यामुळे ते' असे सांगते, दुसरे 'हे चालू असताना ते'. पहिल्यात प्रोग्रामर जाणीवपूर्वक कार्यकारणभाव जोडून देतो. दुसऱ्यात यंत्र फक्त काळाचा संबंध नोंदविते. वाचनदोष हा व्हॅल्यूएररचेच भाषांतर आहे की व्हॅल्यूएरर हाताळताना झालेला वेगळाच अपघात आहे, हे दुसऱ्या वाक्यावरून ठरविता येत नाही.

या भेदाचे गांभीर्य भोपाळइतके क्वचितच कोठे दिसेल. टाकीत पाणी शिरले आणि त्यामुळे अनावर रासायनिक क्रिया सुरू झाली, याविषयी भारतीय शास्त्रज्ञ आणि खुद्द कंपनी यांत वाद नव्हता. वाद होता तो पाणी शिरले कसे याचा. त्या संध्याकाळी कारखान्यात नळ्या धुण्याचे काम चालू होते. धुताना नळीत जी अडथळ्याची चकती बसवायला हवी ती बसविलेली नव्हती आणि गळक्या झडपांतून पाणी टाकीपर्यंत गेले, असे कामगारांचे आणि अनेक अभ्यासकांचे म्हणणे. कोणा असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीला पाण्याची नळी जोडली, असा कंपनीचा दावा, जो तिच्या वतीने १९८८ मध्ये तपशिलाने मांडला गेला. म्हणजे नळ्यांची धुलाई हे कारण, की केवळ त्या वेळी चालू असलेले काम? कॉज, की कॉन्टेक्स्ट? त्या रात्रीच्या नोंदवह्या हाही या वादाचाच विषय झाला. त्यांत मागाहून फेरफार केल्याचा आरोप कंपनीच्या बाजूने झाला. घटनेच्या क्षणीच जोडलेला आणि नंतर कोणालाही बदलता न येणारा माग नसला, की कारणाचा प्रश्न साक्षीपुराव्यांच्या रस्सीखेचीत जातो आणि दशकानुदशके तेथेच अडकून राहतो.

पायथन ३ मध्ये मूळ अपवाद आपोआप जपला जातो म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. हरविण्याच्या वाटा अजून पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेक प्रोग्रामर स्वतःच्या हाताने आखतो.

सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक वाट म्हणजे एक्सेप्टच्या खाली 'पास' लिहिणे. चूक पकडायची आणि काहीही न करता पुढे जायचे. हे बहुधा आळसाने होत नाही. संवेदक वारंवार खोटे इशारे देतो, त्रास होतो, काम अडते आणि वैतागून कोणीतरी 'पास' लिहून मोकळा होतो. भोपाळच्या टाकीतील द्रव थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा १९८४ च्या जूनपासून बंद होती. तापमानाचा इशारा ११ अंश सेल्सिअसवर लावलेला, आणि टाकी त्याहून बरीच उष्ण राहू लागलेली. जो इशारा अहोरात्र वाजत राहणार, त्याला अर्थ उरत नाही. साहजिकच तो निकामी केला गेला. त्या रात्री तापमान खरोखर चढू लागले, तेव्हा ते सांगणारे कोणी नव्हते. 'एक्सेप्ट, पास' या दोन शब्दांचे याहून बोलके चित्र शोधूनही सापडणार नाही.

दुसरी वाट अधिक सभ्य दिसते. अपवाद पकडला जातो, नोंदवहीत म्हणजे लॉगमध्ये लिहिलाही जातो, पण फक्त त्याचा संदेश लिहिला जातो. पायथनमधील काही अपवादांचे संदेश इतके त्रोटक असतात, की ते एकटे वाचून काहीच बोध होत नाही. कोशात एखादी नोंद सापडली नाही तर उभा राहणारा 'कीएरर' घ्या. त्याचा संदेश म्हणजे न सापडलेल्या नोंदीचे नाव, बस्स. सकाळी लॉग उघडून पाहावे तर एका ओळीवर अवतरणचिन्हांत 'टाकी' इतकाच शब्द. कोणती टाकी, कोणत्या फाइलमध्ये, कशासाठी शोधली होती, याचा पत्ता नाही. यावर उपाय सोपा आहे. एक्सेप्टच्या आत असताना पायथनच्या लॉगिंग विभागातील 'एक्सेप्शन' हे फंक्शन वापरले, की संदेशाबरोबर संपूर्ण ट्रेसबॅक आणि कारणांची साखळीही नोंदली जाते. एका शब्दाचा फरक. तपासाचे दोन दिवस वाचतात.

तिसरी वाट नवशिक्यांना चकविते. 'अ‍ॅज मूळ' असे लिहून मिळालेले नाव एक्सेप्टचा भाग संपताच पायथन स्वतः पुसून टाकतो. अपवादाच्या अंगावर ट्रेसबॅक असतो, ट्रेसबॅकमध्ये फंक्शनच्या त्या वेळच्या साऱ्या चलांचा संदर्भ असतो आणि त्या चलांत पुन्हा हा अपवाद असतो; हे वर्तुळ राहिले तर स्मृती विनाकारण अडकून पडते, म्हणून ही व्यवस्था. एक्सेप्टच्या बाहेर येऊन मग निवांतपणे वाचनदोष उभा करू म्हणणाऱ्याला मूळ अपवाद तेथे सापडत नाही, आणि आपोआप जोडला जाणारा कॉन्टेक्स्टही तोवर हातातून गेलेला असतो. भाषांतर करायचे ते मूळ समोर असतानाच.

चौथी वाट सीमेवरची. अपवाद एका प्रक्रियेतून दुसऱ्या प्रक्रियेत किंवा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊ लागला, की त्याला सामान बांधून प्रवास करावा लागतो आणि ट्रेसबॅक त्या सामानात बांधता येत नाही. पायथनबरोबर येणाऱ्या समांतर कामाच्या विभागाने यावर एक साधा तोडगा काढला आहे : दूरच्या प्रक्रियेतील ट्रेसबॅक साध्या मजकुरात उतरवून तो कारण म्हणून अपवादाला जोडून पाठविला जातो. जाळ्यावरून चालणाऱ्या सेवांत तर पलीकडच्या बाजूला बहुधा 'अंतर्गत त्रुटी' एवढेच कळते. तेथे निदान एक नोंद क्रमांक तरी सोबत द्यावा, म्हणजे तो घेऊन मूळ लॉगपर्यंत परत जाता येते. हमीदियातील डॉक्टर सीमेपलीकडे होते. त्यांच्या हाती असा कोणताही क्रमांक नव्हता.

त्यांना मग मूळ दोषाचा शोध उलट्या दिशेने, मृतदेहांवरून घ्यावा लागला. भोपाळच्या गांधी मेडिकल कॉलेजमधील न्यायवैद्यकशास्त्राचे प्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा रंग नेहमीपेक्षा लालभडक दिसला आणि सायनाइडच्या विषबाधेची शंका आली. सोडियम थायोसल्फेट हे औषध द्यावे असे त्यांचे मत होते. ते द्यावे की न द्यावे यावर पुढे बराच काळ मतभेद चालले; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९८५ मधील चाचणीत त्याचा उपयोग दिसून आला, तरी सर्वांना ते मिळण्याची वेळ निघून गेली होती. टाकीत काय होते, ते तापले तेव्हा त्यातून काय काय निघू शकत होते, ही माहिती पहिल्या तासात निरोपाबरोबर आली असती तर उपचारांचा वाद निदान त्या माहितीपासून सुरू झाला असता.

स्वनिर्मित अपवादाची खरी ताकद येथेच आहे. वर आपण वाचनदोषाच्या पोटात 'पास' लिहिले, कारण उदाहरण लहान होते. प्रत्यक्षात त्याला स्वतःचे कप्पे द्यावेत : टाकीचा क्रमांक, आलेली मूळ ओळ, वेळ, आधीचे वाचन. वाक्यात गुंफलेली माहिती माणूस वाचू शकतो. कप्प्यांत ठेवलेली माहिती प्रोग्रामलाही वापरता येते. वरचा थर त्या कप्प्यात डोकावून ठरवू शकतो, की एकच टाकी गप्प झाली आहे की सगळ्या. 'दाब मर्यादेत आहे' या निष्कर्षाबरोबर 'आधी २, आता १०, मध्ये अर्धा तास' हे तीन आकडे चिकटलेले असतील, तर निष्कर्ष चुकला तरी आकडे वरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर राहतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायथन ३.११ ने यात आणखी दोन सोयी घातल्या. एक म्हणजे 'अ‍ॅड नोट'. मूळ अपवाद न बदलता, नवा न घडविता, त्याच्या अंगावर शेरा लिहिता येतो. मग नुसता 'रेज' शब्द लिहून तोच अपवाद वर सोडता येतो. सरकारी फाइलच्या समासात प्रत्येक टेबलावर शेरा पडतो आणि मूळ अर्ज तसाच राहतो, त्या पद्धतीची आठवण व्हावी. भाषांतराची गरज नसेल तेथे हा मार्ग अधिक सरळ होय. नवा अपवाद घडविण्याचा सोस काही संघांत अतिरेकाला जातो आणि एकाच चुकीवर सात वेष्टणे चढतात. दुसरी सोय अपवादांच्या गटाची. एकाच वेळी अनेक गोष्टी बिघडल्या तर त्यांतली एक निवडून बाकीच्या दडविण्याऐवजी सगळ्या एकत्र वर पाठविता येतात. भोपाळला शीतकरण बंद होते, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर सज्ज स्थितीत नव्हता, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. त्यांतले एकच कारण निवडा म्हणणे हा मुळात चुकीचा प्रश्न होता.

मूळ तपशील मुद्दाम लपविण्याचीही सोय पायथनमध्ये आहे. 'फ्रॉम नन' असे लिहिले की जुना अपवाद छापला जात नाही. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीपासून ही सोय आहे आणि तिला वाजवी उपयोग आहेत. ग्रंथालयाच्या आतला कोश कसा रचला आहे याच्याशी वापरणाऱ्याला काही कर्तव्य नसते. तेथे आतला कीएरर दाखविला तर त्याचा गोंधळच होतो. मात्र हे लपविणे केवळ छपाईपुरते आहे. मूळ अपवाद कॉन्टेक्स्टमध्ये तसाच राहतो. मापकावर कापड टाकले तरी आत काटा फिरतच असतो. कापड उचलून पाहण्याची वाट पायथनने मोकळी ठेवली आहे आणि ते शहाणपणाचे आहे. पडद्यावर वापरकर्त्याला कमी दाखवावे, परवलीचे शब्द आणि रुग्णांची नावे तर कधीच दाखवू नयेत. पण आतल्या नोंदीत मूळ माग असलाच पाहिजे. कोणाला काय दाखवायचे हा एक निर्णय आणि काय जपायचे हा वेगळा निर्णय. पुष्कळ प्रोग्राम हे दोन निर्णय एकच समजून घेतले गेल्यामुळे आंधळे होतात.

अर्थात भोपाळची तुलना येथवरच नेता येते. तो केवळ निरोपाचा दोष होता असे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. खर्चकपातीसाठी सुरक्षायंत्रणा निकामी राहू दिल्या गेल्या. १९८२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या कंपनीच्याच तपासणी पथकाने धोके नोंदविले होते आणि त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या 'रपट' साप्ताहिकातून शहराला वारंवार सावध केले होते. म्हणजे काही संदेश मूळ तपशिलासह, वेळेवर, योग्य ठिकाणी पोचले होते. ऐकणाऱ्याने ऐकले नाही. त्यावर कोणत्याही भाषेत कोणताही ठरीव शब्द नाही. तत्काळ मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता. मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले आणि बाधितांची संख्या साडेपाच लाखांच्या वर नोंदविली. खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचे भोपाळमधील संघटना आजही सांगतात. तेथेही वाद मूळ नोंदींचाच आहे : त्या आठवड्यात कोणाचे प्रेत कोठे आणि कोणत्या नोंदीशिवाय गेले, याचा.

गोव्यातल्या आपल्या काल्पनिक कारखान्याकडे परत येऊ. तार सैल झाली, रिकामी ओळ आली, व्हॅल्यूएरर उभा राहिला, वाचनदोष वर गेला. वरच्या थराने तो पकडून 'अहवालदोष' म्हणून आणखी वर दिला आणि प्रत्येक ठिकाणी 'फ्रॉम' लिहिलेले होते. आता रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने काय करावे? अहवालदोषाचा कॉज पाहावा, मग त्याचा कॉज, मग त्याचा. कॉज रिकामा असेल तेथे कॉन्टेक्स्ट पाहावा. ज्याच्या मागे काहीच नाही, तो मूळ अपवाद. हा शोध चार ओळींच्या आवर्तनात बसतो आणि तो प्रोग्रामलाच करायला लावून मूळ अपवादाचे नाव पडद्याच्या कोपऱ्यात दाखविता येते. संवेदकाने पाठविलेली ओळ रिकामी होती, हे त्याला पाळीप्रमुखाचा दूरध्वनी येण्याआधी कळते. मग टाकी खरोखर तापली आहे की फक्त तार सुटली आहे, हे पाहायला तो विजेरी घेऊन टाकीकडे निघू शकतो, चहा नंतर.